जीएसपी, झिनिया आणि केनिया ट्री: बेट, काच, कात्री की चुना?

रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरलांचं (प्रवाळांचं) खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, सुरू केला की दोन-तीन महिन्यांत ओळखीतलं कुणीतरी एक फ्रॅग, म्हणजे लावायला कापलेला कोरलाचा तुकडा, फुकट देतं. जांभळ्या चटईवर हिरवे तुरे, पाण्याच्या झोतात गवतासारखे डोलणारे. हा ग्रीन स्टार पॉलिप, रोजच्या बोलण्यातला जीएसपी. सोबत कधी झिनियाचा झुबका येतो, कधी केनिया ट्रीची फांदी. तिघंही सॉफ्ट कोरल, मऊ अंगाची आणि भराभर पसरणारी. अक्रोपोरासारखं दगडी, म्हणजे टणक सांगाड्याचं, कोरल कुणी असं वाटत फिरत नाही. हेच का वाटतात ते वर्षभरात कळतं, कारण तोवर आपणही वाटायला लागलेलो असतो.

यांना आवरायचे चार उपाय लोक सांगतात: वाळूत वेगळं बेट, मागची काच, कात्री आणि चुना. चारही चालतात, पण सगळे सगळ्यांवर चालत नाहीत. आधी बघायचं ते हे, की तुमचा पाहुणा पसरतो कसा. जीएसपी सरपटतो, झिनिया चालते, केनिया ट्री फांद्या टाकतं. सरपटणाऱ्यासाठी घातलेलं कुंपण फांद्या टाकणाऱ्याला अडवत नाही.

बेट की मागची काच

जीएसपीपुरतं बोलायचं तर खरी निवड या दोघांतच आहे. बेट म्हणजे मुख्य रचनेपासून सुटा ठेवलेला एक दगड, चारही बाजूंनी मोकळी वाळू, निदान एक वीत. चटईला चिकटायला घट्ट पृष्ठभाग लागतो आणि सुट्या वाळूवर तिचा पाय ठरत नाही. दगडाच्या कडेला येऊन ती थबकते, क्वचित वाळूवर जिभेसारखी थोडी लोंबते. ती जीभ दर दोन-तीन आठवड्यांनी कापली की झालं. फसगत होते ती वेगळ्याच गोष्टीने. वाळूत पडलेला लाइव्ह रॉकचा (टँकमधल्या सच्छिद्र दगडाचा) तुकडा, रिकामा शंख, उलटून मेलेली गोगलगाय, यांतलं काहीही पुलाचं काम करतं. माझ्याकडे एका शंखावरून चटई पलीकडे गेली होती आणि मी महिनाभर तिथे ‘किती छान हिरवं दिसतंय’ म्हणत होतो.

मागच्या काचेचं गणित उलटं. तिथे अडवायचंच नाही, सगळी भिंत तिला देऊन टाकायची. वायरी आणि पाइप झाकले जातात, टँकला मागे हिरवी कुरणं येतात, आणि काचेवरून ती सुटतेही सहज. जुनं एटीएम कार्ड कडेला घालून हलकेच सरकवलं की ताटात वाळलेली आंबापोळी निघावी तशी अख्खी पापडी हातात येते. हीच चटई दगडावर असेल तर खरवडून खरवडून नखं दुखतात, आणि दगडाच्या छिद्रांत राहिलेल्या जांभळ्या ठिपक्यांतून ती पुन्हा उगवते. खरवडताना येणारा वास ओहोटीच्या खाडीचा असतो. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

म्हणून बरेच जण डोळे मिटून काचेची शिफारस करतात. माझ्या तीन शंका आहेत. दगडांची रचना मागच्या काचेला कुठेही टेकत असेल तर तो पूल तुम्हीच बांधून दिला. चटई वर चढून ओव्हरफ्लोच्या, म्हणजे टँकचं पाणी वरून बाहेर जाण्याच्या जाळीच्या, दातांत शिरली तर पाण्याची वाट अडते, आणि ते नेमकं तुम्ही गावाला गेल्यावर लक्षात येतं. शिवाय मोठी झालेली चटई कधीकधी स्वतःच्या वजनाने वरून सुटते आणि पुढे वाकून खालच्या कोरलांवर पडते. वरची चार बोटं आणि ओव्हरफ्लोभोवतीची जागा दर आठवड्याला साफ ठेवणार असाल तर काच उत्तम. आठवड्याचा नेम पाळणं जमत नसेल तर बेट बरं, ते चुका पोटात घालतं.

झिनियाचं चालणं

झिनिया ठेवतात ती तिच्या हातांसाठी. फुलासारख्या मुठी उघडतात, मिटतात, दिवसभर. ही नुसती नखरेबाजी नाही. लाल समुद्रातल्या तिच्या एका जातभाईवर इस्रायली संशोधकांनी 2013 साली दाखवलं, की या उघडझापीने भोवतालचं पाणी हलतं, जास्तीचा ऑक्सिजन दूर वाहून जातो आणि आतल्या शैवालाचं प्रकाशसंश्लेषण वाढतं. आवडत्या उजेडाकडे ती बुडाने सरकते, मागे एखादं पिल्लू सोडते आणि दुभंगते. बेटावर बहुधा टिकते. काचेवर मात्र तिला ठेवू नका. जीएसपी काच व्यापतो, झिनिया काच ओलांडून पुढे जाते. कात्रीने छाटली तर राहिलेल्या बुडातून पुन्हा फुटते, त्यामुळे कात्री म्हणजे हजामत, उपाय नव्हे.

केनिया ट्रीला बेटही पुरत नाही. फांदीचं टोक मुळाशी बारीक होत जातं, एका सकाळी गळून पडतं, प्रवाहात तरंगत पॉवरहेडमागच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपामागच्या) कोपऱ्यात अडकतं आणि तिथेच पाय रोवतं. इथे कात्रीच हवी, पण गळण्याआधी. बारीक होत चाललेली फांदी दिसली की आपणच कापून बाहेर काढायची. डिस्कोसोमा मशरूम या चपट्या, कोरलांच्या नात्यातल्या जिवाचं निराळंच. कापल्याने ते कमी होत नाही, वाढतं. बुडाचा राहिलेला तुकडाही नवं मशरूम होतो, तेव्हा काढायचं तर खालच्या दगडाच्या खपलीसकट.

चुना हा शेवटचा उपाय. कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे रसायन म्हणून पानाला लावतात तेच. पानपट्टीवरची डबी मात्र आणू नका, तिच्यात आणखी काय आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. शुद्ध भुकटीची टूथपेस्टसारखी लापशी करायची, पंप बंद करायचे, सिरिंजने झिनियाच्या उरलेल्या बुडावर थापायची. संपृक्त चुन्याच्या पाण्याचा पीएच 12.4 च्या आसपास जातो आणि टँकचा असतो 8 च्या थोडा वर. म्हणून एका वेळी चमचाभरच. जीएसपीच्या जाड कातडी चटईवर हा खटाटोप फारसा लागू पडत नाही. तिथे दगड बाहेर काढून सोलणंच खरं.

छाटणीनंतर टँकमध्ये ताजा कार्बन (पाणी गाळणारा सक्रिय कोळसा) घाला आणि थोडं पाणी बदला. सॉफ्ट कोरल कापली की विषारी रसायनं सोडतात आणि शेजारची दगडी कोरलं रुसतात. पसरणाऱ्यांच्या याच यादीत लोक झोआंथिड हे बटणासारखे पॉलिपही घालतात, तेव्हा एवढं सांगतोच: काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. हातमोजे, चष्मा, आणि तो दगड कधीही उकळायचा किंवा गरम पाण्याने घासायचा नाही. वाफेतून विषबाधा होऊन माणसं इस्पितळात गेली आहेत.

कापलेला माल उन्हात खडखडीत वाळवून कचऱ्यात टाका. खाडीत किंवा किनाऱ्यावर नको. उनोमिया नावाचं झिनियाच्याच कुळातलं इंडो-पॅसिफिकचं सॉफ्ट कोरल मत्स्यालयाच्या व्यापारातून व्हेनेझुएलाच्या मोचिमा किनाऱ्यावर पोचलं आणि तिथल्या मूळ प्रवाळांवर चादरीसारखं पसरलं. आपल्याकडे मालवणला प्रवाळ आहेत.

तर निवड अशी. दोन फुटी टँक असेल तर काचेवर जीएसपी एकटाच, झिनिया नको, केनिया ट्री तर नकोच. चार फुटी असेल आणि पुढे दगडी कोरलं घ्यायची असतील तर एका कोपऱ्यात बेट, त्यावर जीएसपी किंवा झिनिया, दोन्ही नाही, कारण एकमेकांवर चढले की छाटताना काय कुणाचं ते कळत नाही. माझ्या बेटावर सध्या झिनिया आहे. जीएसपीचा फ्रॅग कुणाला हवा असेल तर फुकट आहे.