टोफासिटिनिब: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसला मेथोट्रेक्सेट हे नेहमीचं औषध एकटं पुरेना, तेव्हा डॉक्टरांनी जोडीला टोफासिटिनिब दिलं. 5 मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. आता बरेच महिने झालेत, म्हणून सविस्तर लिहिते.

पूर्वी सकाळी दीड-दोन तास बोटं आखडलेली असायची. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून फरक जाणवू लागला आणि आता उठल्यावर थोड्याच वेळात मूठ वळते. मनगटाची सूज मात्र सावकाश उतरली. सीआरपी (रक्तातलं सूज दाखवणारं प्रथिन) पहिल्याच तपासणीत खाली आला होता. इतक्या लवकर कसा, हे विचारलं तेव्हा डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून दाखवली.

सुजलेल्या सांध्यातून इंटरल्यूकिन-6 हे निरोप पोचवणारं प्रथिन रक्तात येतं. ते पेशीच्या आत शिरत नाही, बाहेरूनच रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं. त्यामुळे रिसेप्टरचे भाग जवळ येतात आणि आतल्या बाजूला त्यांना लागून असलेली जॅक एन्झाइम्स आधी एकमेकांवर, मग रिसेप्टरच्या शेपटावर फॉस्फेट चढवतात. तिथे स्टॅट प्रथिनं येऊन बसतात. त्यांच्यावरही फॉस्फेट चढलं की दोन-दोनच्या जोड्या केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतात. हे सगळं काही मिनिटांत! यकृतात सीआरपी बनवण्याचा हुकूम स्टॅट3 मार्फत असाच पोचतो. ही गोळी जॅकमधली एटीपीची (फॉस्फेट पुरवणाऱ्या रेणूची) जागा अडवते. फॉस्फेटच चढत नाही, मग निरोप पुढे जाणार कसा?

जॅक एन्झाइम्स चारच: जॅक1, जॅक2, जॅक3 आणि टिक2. त्यांच्यावर कितीतरी सायटोकाइन्स (इंटरल्यूकिन-6 सारखी निरोप पोचवणारी प्रथिनं) अवलंबून असतात, त्यामुळे दुष्परिणामही याच वाटेवर आहेत. विषाणूंशी लढणारे इंटरफेरॉन जॅक1 वापरतात, म्हणून नागिणीचा धोका वाढतो. लाल पेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिन जॅक2 वर चालतं. टोफासिटिनिबचा रोख मुख्यतः जॅक1 आणि जॅक3 वर असला, तरी हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवावंच लागतं. माझं टिकून आहे. लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) थोडे उतरून स्थिरावले. हे समजल्यापासून सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट मी आकडा न् आकडा वाचते.

सुरू करण्याआधी क्षयरोग आणि हिपॅटायटिसच्या तपासण्या झाल्या. त्या टाळू नका. वय 50 च्या पुढे असेल, हृदयविकाराचा धोका असेल किंवा धूम्रपान असेल, तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. 2021 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोगाबद्दलचा इशारा अधिक कडक केला तो याचसाठी.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे औषध शरीरात रेंगाळत नाही. रक्तातलं प्रमाण साधारण तीन तासांत निम्मं होतं. मध्यंतरी ताप आला तेव्हा डॉक्टरांनी गोळी काही दिवस थांबवली. त्या दिवसांत आखडणं परतलं, पुन्हा सुरू केल्यावर गेलं. मनाने मात्र कधीच बंद करू नका.

एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) थोडं वाढलंय. पुढच्या तपासणीतही तसंच निघालं तर ते कमी करणारं स्टॅटिन सुरू करायचं ठरलंय.