एपीए फॉरमॅटिंगच्या नावाखाली माझे संदर्भच बदलले: बेळगाव-निपाणीकडच्या विद्यार्थ्यांनी जरूर वाचा

रिसर्च पेपर किंवा डिझर्टेशन ‘एपीएमध्ये’, म्हणजे संदर्भ आणि मांडणी लिहायच्या एका ठरलेल्या पद्धतीत, ‘बसवून देतो’ असं सांगून पैसे घेणारे बेळगावात, चिकोडीत, निपाणीत आता बरेच झालेत. त्यात झेरॉक्सवाले आहेत, टायपिंग सेंटरवाले आहेत, नुसतं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस ठेवून काम घेणारेही आहेत. यात सरळ काम करणारी माणसं आहेत, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण माझ्या पेपरचं जे झालं ते यंदा सबमिशन असलेल्या प्रत्येकाला कळायला हवं, म्हणून लिहितेय.

माझा विषय निपाणीतल्या विडी कामगार बायका. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायच्या, मजुरी दर हजार विड्यांवर, आणि ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या विड्या हिशेबात धरायच्या नाहीत, हे सगळं त्यांच्या तोंडून ऐकून मी लिहिलं होतं. पेपर इंग्रजीत, पण संदर्भांत इंग्रजी पुस्तकांबरोबर कामगार चळवळीतल्या मराठी पुस्तिका, जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं आणि एक कन्नड अहवाल होता. विभागाची अट एपीएच्या नियमपुस्तकाच्या सातव्या आवृत्तीची. घरी कॉम्प्युटर नाही, अर्धं लिखाण मोबाइलवर झालेलं. समास, दुप्पट अंतर, हँगिंग इंडेंट (नोंदीची पहिली ओळ सोडून बाकीच्या ओळी आत सरकवणं) हे सगळं मोबाइलवर नीट बसत नाही, म्हणून फॉरमॅटिंग बाहेर दिलं. आमच्या हॉस्टेलच्या बऱ्याच मुली असंच करतात आणि त्यात काही गैर नाही.

दुकानातला माणूस बोलायला गोड. “ताई, तुम्ही काय बी काळजी करू नकासा. सेव्हन्थ एडिशन म्हंजे आमचं रोजचं काम की ओ.” ठरले साडेतीन हजार, त्यातले दोन हजार आधी फोनपेवर घेतले. पावती मागितली तर म्हणाला, मोबाइलवर मेसेज आहे की, पावती कशाला.

काम झाल्यावर आली ती फक्त पीडीएफ. वर्ड फाइल हवी असेल तर ‘एडिटिंग चार्ज’ वेगळा हजार रुपये. शिवाय न विचारता ‘प्लेजरिझम (दुसऱ्याचा उचललेला मजकूर) कमी करून दिलंय’ म्हणून आणखी दीड हजार लावले. सबमिशन तोंडावर आलेलं. माझीच फाइल मला परत मिळावी म्हणून तेही भरले.

मग गाइड मॅडमनी पेपर वाचायला घेतला. दुसऱ्याच पानावर थांबल्या. “अगं, हे ‘फ्रॅगमेंट स्पीड’ काय आहे?” मी लिहिलं होतं ‘पीस रेट’, म्हणजे नगावर मिळणारी मजुरी. विडीचं पुढे ‘सिगारेट’ झालं होतं. घरी काम करणाऱ्या बायकांसाठी ‘रेसिडेन्स-ग्राउंडेड लेबरर’ असं काहीतरी घुसवलं होतं. दुसऱ्या लिखाणाशी जुळणाऱ्या मजकुराची टक्केवारी खाली आणायला त्यानं अख्खा मजकूर शब्द फिरवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढला होता. ज्या बायकांनी काम बाजूला ठेवून माझ्याशी बोलायला वेळ दिला, त्यांच्या बोलण्याची अशी माती झालेली बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

संदर्भयादी उघडली तर त्याहून वाईट. मराठी पुस्तिका गायब, कात्रणं गायब, कन्नड अहवालही गायब. त्यांच्या जागी मी कधी न पाहिलेले इंग्रजी लेख. एकाचा डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) ब्राउझरमध्ये टाकला तर माशांच्या रोगांवरचा लेख उघडला. दुसऱ्याचा उघडलाच नाही. नियतकालिकाच्या साइटवर जाऊन त्या वर्षाचा अंक पाहिला, तर अशा नावाचा लेखच नव्हता. हे संदर्भ मुळात अस्तित्वातच नव्हते. फोन केला तर उत्तर आलं, “मराठी सोर्स एपीएत चालत नाहीत ओ ताई, म्हणून चांगले घातलेत.”

हे धादांत खोटं आहे. एपीएत कुठल्याही भाषेतला संदर्भ चालतो. देवनागरी किंवा कन्नड शीर्षक रोमन लिपीत लिहायचं आणि त्यापुढे चौकटी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ द्यायचा, एवढाच नियम. मुलाखतींचंही तसंच. आपल्या संशोधनासाठी घेतलेल्या मुलाखती संदर्भयादीत जात नाहीत. त्या मजकुरातच, नाव उघड न करता, सहभागी व्यक्तीचं म्हणणं म्हणून द्यायच्या. सीमाभागातल्या मुलांचं निम्मं साहित्य मराठी-कन्नडमध्ये असतं. ते ‘चालत नाही’ म्हणून कोणी काढून टाकत असेल तर तो तुमचा अभ्यासच काढून टाकतोय.

त्याला सातवी आवृत्ती येतच नव्हती, हेही नंतर दिसलं. ती २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आली. तिच्यात विद्यार्थ्याच्या पेपरला रनिंग हेड, म्हणजे प्रत्येक पानाच्या माथ्यावरचं छोटं शीर्षक, लागत नाही, प्रकाशकाचं शहर देत नाहीत, आणि तीन किंवा जास्त लेखक असले तर मजकुरात पहिल्याच उल्लेखापासून पहिल्या लेखकाच्या नावापुढे ‘एट अल.’ (आणि इतर) लिहितात. माझ्या पेपरवर मोठ्या अक्षरांत रनिंग हेड होतं, पुस्तकांपुढे शहरांची नावं होती, प्रत्येक लिंकआधी ‘रिट्रीव्हड फ्रॉम’ होतं. सगळं जुन्या सहाव्या आवृत्तीचं. हँगिंग इंडेंट तर स्पेसबार दाबून दाबून केलेला. वर्डमध्ये फॉन्ट बदलला आणि यादी सगळी विस्कटली.

टक्केवारीचं भय दाखवून पैसे काढतात, त्याबद्दल सांगते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर काही शिक्षा नाही. संदर्भयादी, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे त्या मोजणीत धरतच नाहीत, आणि स्रोत देऊन रीतसर उद्धृत केलेला मजकूरही धरत नाहीत. १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० ला एक वर्ष सबमिशन बंद, ६० च्या वर नोंदणीच रद्द. या सगळ्याला उत्तर विद्यार्थ्याला द्यावं लागतं. दुकानदाराचं नाव पेपरवर कुठेच नसतं.

आणि ही बाब फार कमी जणांना माहीत आहे. साम्य तपासणाऱ्या टर्निटिनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलेला पेपर सेटिंग तसं असेल तर त्यांच्या साठ्यात राहतो. बाहेरच्या कुणी कुठल्या तरी भलत्या खात्यातून तुमचा पेपर आधी तपासला, तर नंतर कॉलेजनं तपासताना तो तुमच्याच पेपरशी जुळतो आणि टक्केवारी आभाळाला भिडते. माझ्या बाबतीत नशिबानं तसं झालं नाही. साम्य तपासायचं ते विभागाच्या किंवा लायब्ररीच्या खात्यावरूनच तपासून घ्या.

मॅडमनी मुदत वाढवून दिली म्हणून निभावलं. मूळ मजकूर माझ्या मेलमध्ये होता, तो काढला. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर झोटेरो हे फुकट सॉफ्टवेअर वापरून संदर्भ पुन्हा भरले. त्यात एपीएची सातवी आवृत्ती निवडली की यादी आपोआप लागते. मराठी शीर्षकं मात्र रोमनमध्ये हातानं घालावी लागली आणि प्रत्येक नोंद स्वतः तपासावी लागली. तयार झालेली यादी बघून वाटलं, हे कोणाला पैसे देऊन करायचं कामच नाही.

तरीही बाहेर द्यायची वेळ आलीच, तर वर्ड फाइल मिळेल हे पैसे देण्याआधी मेसेजमध्ये लिहून घ्या. मजकुराचा एक शब्द आणि संदर्भाची एक नोंदही बदलायची नाही, हेही त्यातच लिहा. फाइल परत आल्यावर वर्डच्या ‘कम्पेअर’मध्ये तुमच्या मूळ फाइलशेजारी ठेवून बघा, बदललेला प्रत्येक शब्द रंगून दिसतो.

मी दुकानदाराकडे पैसे परत मागायला गेले तर “काम झालंय की, पैसे कसले परत” एवढंच ऐकायला मिळालं. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. तिथं सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. फोनपेचे स्क्रीनशॉट आणि त्याचे व्हॉइस मेसेज मी मेलवर वेगळे ठेवलेत. हॉस्टेलच्या आणखी दोघींनी त्याच दुकानातून पेपर करून घेतले होते. त्यांच्याही यादीत न उघडणारे डीओआय सापडलेत, आणि त्या दोघीही तक्रार करणार आहेत.