जाड बोक्यासाठी काय घ्यावं: खाचांची थाळी की टायमरचा फीडर?

बोका जाडही आहे आणि बकाबका खातोही, असं दुकानात सांगितलं की आधी खाचांची थाळी पुढे येते, आणि खर्चाची तयारी दिसली तर टायमरचा फीडर, म्हणजे ठरलेल्या वेळी मांजराच्या खाण्याचे कोरडे दाणे आपोआप पाडणारं यंत्र. सांगलीत आमच्या घरी बंड्यासाठी दोन्ही वापरून झालेत.

थाळीचं काम चोख आहे. दाणे खाचांत अडकतात, जिभेने आणि पंजाने एकेक उकरावा लागतो. पूर्वी बंड्या न चावता गिळायचा आणि थोड्या वेळात सगळे दाणे अख्खेच्या अख्खे ओकून टाकायचा. ते थाळीने थांबलं. ओलं खाणं देत असाल तर थाळीच बरी, कारण साध्या फीडरमध्ये फक्त कोरडे दाणे चालतात. आणि जाड मांजराला ओलं खाणं मानवतं. त्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं, त्यामुळे कमी कॅलरीत पोट भरतं. कोरड्या दाण्यांत १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात. फक्त थाळी लगेच घासावी लागते. खाचेत कण राहिला की पावसाळ्यात मुंग्यांची रांग लागलीच.

पण माझा निर्णय झाला तो पहाटेमुळे.

चार वाजले की बंड्या उशाशी हजर. आधी पंजाने गाल चाचपणार, मग ओरडणार. जो उठेल तो झोपेतच मूठभर दाणे टाकणार. आई उठली तर वर चमचाभर साय. दिवसभर काट्यावर तोलून दिलेल्याचा हिशोब तिथेच बुडायचा. मांजर हे फार पटकन शिकतं: ओरडलं की मिळतं. थाळी यावर काहीच करू शकत नाही, कारण ती भरणारा शेवटी माणूसच. तिच्यामुळे खाणं सावकाश होतं, मागणं कमी होत नाही.

फीडर आल्यावर बंड्याने मोर्चा तिकडे वळवला. आता पहाटे तो यंत्रासमोर बसतो, माणसाला उठवत नाही. मांजर मुळात दिवसभर छोट्या छोट्या शिकारी करून खाणारं जनावर. तेवढेच दाणे पाच-सहा वेळा पडले की ते निवांत राहतं, निदान आमचं तरी राहिलं. घास लहान झाल्यावर ओकणंही परतलं नाही.

फीडरच्याही तक्रारी आहेत. पावसाळ्यात दाणे सादळतात आणि तोंडाशी अडकतात, म्हणून मी दोन दिवसांपुरतेच भरतो. लाईट जाते, तेव्हा सेल टाकायची सोय असलेलाच घ्यावा. आणि यंत्राचा ‘एक भाग’ म्हणजे किती, हे दाण्याच्या आकारावर ठरतं. एकदा वाटीत पाडून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बघा. घरात दोन मांजरं असतील तर मात्र फीडरचा आग्रह धरू नये. जाडं दुसऱ्याचंही खाऊन टाकतं. तिथे वेगवेगळ्या खोल्यांत दोन थाळ्या परवडल्या.

काहीही घेतलंत तरी खाणं एकदम तोडू नका. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास घट पुरे, म्हणजे सहा किलोच्या बोक्याला साठेक ग्रॅम. रोज किती ग्रॅम द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या, विशेषतः नसबंदी झाली असेल तर, कारण त्यानंतर गरज कमी होते आणि भूक वाढते.

एकच मांजर आणि कोरडे दाणे, अशा घराला मी तरी फीडरच सुचवेन. पहिली वेळ मांजर उठवतं त्याच्या थोडी आधीची लावा आणि मग दर काही दिवसांनी पाच-दहा मिनिटं पुढे ढकलत न्या. रात्रीची शेवटची वेळ झोपायच्या तोंडावर ठेवा. आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, सायीचा डबा फ्रीजमध्ये मागे सरकवा.