आठ इंची डॉब्सोनियन: धूळपट्टा दिसतो, जेट दिसत नाही

चंद्र आणि शनी कुठल्याही बऱ्या दुर्बिणीतून छान दिसतात, त्यावरून मी या डॉब्सोनियनला, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीला, गुण देणार नाही. मला सेंटॉरस ए ही दीर्घिका बघायची होती.

एप्रिलअखेरीस रात्री अकराच्या सुमारास वेल्ह्याजवळच्या माळावरून ती दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण तीन मुठी (हात लांब धरून मोजलेल्या) वर येते. आधी ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ धरायचा, मग साडेचार अंश उत्तरेला सरकायचं. सोबत आलेल्या २५ मिमी आयपीसमधून (डोळ्याजवळचं भिंग; ४८ पट) धुरकट गोळा दिसतो आणि जरा डोळा स्थिरावला की त्याला मधोमध कापणारी काळी पट्टी. पैसे तिथेच वसूल. या लंबवर्तुळाकार दीर्घिकेने वायू-धुळीने भरलेली दुसरी दीर्घिका गिळली, तिचंच हे उरलंसुरलं. अंतर सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षं!

बाडे आणि मिन्कोव्स्की या खगोलशास्त्रज्ञांनी १९५४ सालीच इथे दोन दीर्घिका एकमेकींत मिसळताहेत असं सुचवलं होतं. तेव्हा इथून येणाऱ्या रेडिओ लहरी थेट त्या टकरीतूनच येतात असं वाटायचं. आज चित्र वेगळं आहे. टकरीत वायूची घडी विस्कटते, त्याचा कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) घटतो आणि तो केंद्राकडे उतरतो. तिथे सुमारे साडेपाच कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर बसलंय. त्याच्याभोवतीची चकती तापते आणि चुंबकीय क्षेत्रं थोडा माल दोन्ही बाजूंना जेटच्या, म्हणजे वेगवान झोतांच्या, रूपात भिरकावतात. अर्थात अशा प्रत्येक सक्रिय केंद्रामागे, म्हणजे माल गिळणाऱ्या कृष्णविवरामागे, टक्कर असतेच असं नाही. शांत दिसणाऱ्या दीर्घिकांतही ती सापडतात. इथे मात्र संशयित जागेवरच उभा आहे.

जेट या दुर्बिणीतून दिसणार नाहीत. विक्रेत्याच्या जाहिरातीत मात्र निळ्या-केशरी जेटचा झकास फोटो होता. त्यातला निळा क्ष-किरणांचा, केशरी सबमिलिमीटर लहरींचा. दोन्ही डोळ्याला अदृश्य. हे सांगायला नको होतं का? रेडिओ डोळे असते तर या जेटनी फुगवलेले ढग आकाशात आठ अंश, म्हणजे ओळीने सोळा पौर्णिमेचे चंद्र, पसरलेले दिसले असते.

आता तक्रारी. १० मिमी आयपीस जेमतेम. वजन वीस किलोंच्या वर. घाटातून गाडी नेली की आरसे पुन्हा जुळवावे लागतात. नवरा म्हणाला, एवढ्यात सेकंडहँड स्कूटर आली असती. आली असती.

दक्षिण क्षितिज मोकळं मिळत असेल तरच घ्या, आणि पहिल्याच महिन्यात चांगला आयपीस वेगळा घ्या. पाचपैकी चार.