ख्रिसमस सीलचा रिव्ह्यू: टीबीशी लढलेलं एका पेनीचं तिकीट

अमेरिकेत थंडी सुरू व्हायच्या सुमारास अमेरिकन लंग असोसिएशन या फुफ्फुसांच्या आजारांवर काम करणाऱ्या संस्थेचं एक पाकीट घरी येऊ शकतं, आत रंगीत ख्रिसमस सीलांची, म्हणजे पोस्टाच्या तिकिटासारख्या दिसणाऱ्या स्टिकरांची, शीट आणि देणगी मागणारं पत्र. बरेच जण जाहिरात समजून थेट कचऱ्यात टाकतात. प्लीज असं करू नका, एकदा नीट बघा तरी.

आधी वापराचं सांगते. ही सीलं पाकिटाच्या मागच्या बाजूला, जिथे आपण पाकीट बंद करतो तिथे लावायची. यांच्यावर टपाल जात नाही, पोस्टाचं तिकीट वेगळं लावावंच लागतं. शीट आपण मागवलेली नसते त्यामुळे पैसे द्यायलाच हवेत असंही नाही, पण मी देते, आणि का देते ते कळायला जरा मागे जावं लागेल.

कोपनहेगनच्या पोस्टातला एक कर्मचारी, आयनार होल्बोल, 1903 च्या नाताळात पत्रांचे ढीग बघून त्याच्या डोक्यात आलं की यातल्या प्रत्येक पत्रावर एकेक जास्तीचं स्वस्त तिकीट लागलं तर टीबी झालेल्या मुलांसाठी केवढे पैसे जमतील. पुढच्याच वर्षी, 1904 मध्ये, डेन्मार्कमध्ये जगातलं पहिलं ख्रिसमस सील निघालं, दिवंगत राणी लुईझचं चित्र, किंमत फक्त 2 ओर (तिथली अगदी लहान नाणी), आणि पहिल्याच मोसमात 40 लाखांहून जास्त खपली. त्या पैशातून कोल्डिंगला फ्योर्डच्या, म्हणजे समुद्राच्या अरुंद खाडीच्या, काठावर मुलांसाठी सॅनेटोरियम (टीबीच्या पेशंटनी राहून बरं व्हायचं ठिकाण) उभं राहिलं, ती इमारत अजून आहे, आता तिथे हॉटेल चालतं.

अमेरिकेतली गोष्ट तर मला त्याहून आवडते. डेलावेअर राज्यात ब्रँडीवाइन नदीकाठी टीबीच्या पेशंटसाठी एक छोटंसं ठिकाण होतं, ते बंद पडायला आलेलं, 300 डॉलर हवे होते. तिथल्या डॉक्टरांची चुलतबहीण एमिली बिसेल, तिने डेन्मार्कच्या सीलांवरचा पत्रकार जेकब रीस यांचा लेख वाचला आणि उसने पैसे घेऊन स्वतः काढलेल्या डिझाइनची सीलं छापून घेतली, लाल रंगात नाताळच्या सजावटीतल्या हॉलीच्या पानांची माळ, मध्ये रेडक्रॉस. 7 डिसेंबर 1907 ला विल्मिंग्टनच्या पोस्टात टेबल टाकून विक्री सुरू, एका पेनीला एक. सुरुवातीला पुरेशी खपेनात, मग ती फिलाडेल्फियाला एका वर्तमानपत्राकडे गेली, त्यांनी विषय उचलून धरला आणि शेवटी 300 च्या जागी साधारण 3000 डॉलर जमले. पेपर विकणारा एक पोरगा काउंटरवर पेनी ठेवून म्हणाला म्हणे, मला एक द्या, माझ्या बहिणीला झालाय. मला तरी वाटतं या प्रॉडक्टची सगळी ताकद इथे आहे. श्रीमंताने मोठा चेक द्यायचा आणि गरिबाने फक्त दवाखान्याच्या रांगेत उभं राहायचं, असं नाही. तो पोरगाही देणगीदार झाला. आणि तेव्हा टीबीवर औषधच नव्हतं हो, स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला 1943 मध्ये, त्याआधी मोकळी हवा, आराम, सकस खाणं, एवढंच हातात होतं आणि त्यालाच पैसे लागायचे.

शिवाय सील लावलेलं पाकीट फुकटात गावोगाव प्रचार करत फिरायचं. ज्या आजाराचं नाव लोक घरात दबक्या आवाजात घ्यायचे तो थेट पाकिटावर आला. 1920 पासून अमेरिकन सीलांवर रेडक्रॉस जाऊन दोन आडव्या दांड्यांचा क्रॉस आला, टीबीविरुद्धच्या लढ्याची ही खूण 1902 मध्ये बर्लिनच्या परिषदेत सुचवली गेली होती.

हाच क्रॉस आपल्याकडच्या टीबी सीलवरही आहे. ट्यूबरक्युलोसिस असोसिएशन ऑफ इंडिया 1939 ची, आणि टीबी सीलची मोहीम 1950 पासून, गांधी जयंतीला सुरू व्हायची. शाळेत बाई सीलं वाटायच्या आणि आम्ही शेजारच्या काकूंना, मामांना विकायचो, तेव्हा यामागे एवढा इतिहास आहे हे कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

आता थोडं मत. आजच्या अमेरिकन सीलचे पैसे फक्त टीबीला जात नाहीत, दमा, फुफ्फुसाचा कॅन्सर, सिगारेट सोडवणं असं सगळं त्यात येतं. चांगलंच काम आहे, पण ज्यांना खास टीबीसाठीच द्यायचंय त्यांनी भारतातल्या संस्थेला द्यावं, पेशंटही आपल्याकडे जगात सर्वात जास्त आहेत. दुसरं म्हणजे आता एकेका सीलला किंमत नाही, रक्कम आपण ठरवायची. मला जुनी एका पेनीची पद्धत जास्त पटते, लहान मुलंही स्वतःच्या पैशातून घेऊ शकायची. तरी पाचपैकी साडेचार स्टार.

जुनी सीलं जमवायची असतील तर 1907 ची सोडून द्या, महाग पडतात. 1930-40 च्या दशकातली ढिगाने छापलेली आहेत, अगदी स्वस्तात मिळतात. सुटी घेण्यापेक्षा पाकिटावर चिकटलेली बघा, ज्यावर पोस्टाचा शिक्का अर्धा सीलवर अर्धा पाकिटावर उमटलाय अशी, आणि ती पाण्यात भिजवून सोडवत बसू नका.