लसीचं पुस्तक खरं होतं, घोडी दुसरी होती

मुलगी दोन वर्षं घोडेस्वारी शिकत होती. तिला स्वतःची घोडी घेऊन द्यायचं ठरलं. मुळशी रस्त्याला भावाच्या शेतावर तबेला बांधून झाला. सोलापूर रस्त्याकडच्या एका व्यापाऱ्याचं नाव ओळखीतून कळलं. घोडी कुमैत, म्हणजे लालसर तपकिरी, आयाळ-शेपटी काळी, कपाळावर पांढरा टिळा, वय सहा सांगितलेलं, किंमत 1 लाख 80 हजार.

आम्ही पोचलो तेव्हा ती खोगीर चढवून, फिरवून तयार ठेवलेली होती. मातीच्या रिंगणात छान दुडकी धावली. सोबत आलेल्या नातेवाइकांनी भोवरे, म्हणजे अंगावरचे शुभ-अशुभ मानले जाणारे केसांचे गोल पाहिले, देवमण हा शुभ भोवरा दाखवला आणि म्हणाले, "डोळे मिटून घ्या." अर्धा तास त्यातच गेला. पाय उचलून खूर कुणी पाहिला नाही. "माझा डॉक्टर इथंच आहे, आजच तपासून झालीय," असं व्यापारी म्हणाला आणि तेही आम्ही मानलं.

मग त्यानं लसीकरणाचं पुस्तक हातात ठेवलं. धनुर्वाताचे दोन डोस महिन्याच्या अंतरानं, दुसरा जेमतेम दोन महिन्यांपूर्वीचा. इन्फ्लुएंझाची नोंद. प्रत्येक डोससमोर बाटलीवरचं स्टिकर, बॅच नंबर, डॉक्टरची सही, शिक्का. वर्णन होतं, 'कुमैत घोडी, कपाळावर टिळा'. मी तिथवरच वाचलं. पैसे रोख दिले, पावती घेतली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी घोडी पुढचा डावा पाय टेकवेना. नालबंदानं नाल काढून तळ खरवडला तेव्हा खिळ्याचं भोक दिसलं. आत डांबरात भिजवलेला कापूस कोंबलेला होता. तो ओढला तसा काळपट, कुबट पू बाहेर आला. "साहेब, हे तुमच्याकडं लागलेलं नाही. आठवडाभराचं तरी जुनं आहे." म्हणजे आम्ही पाहिलं तेव्हा तिला वेदनाशामक दिलेलं असणार. घोडेवाले ज्याला 'ब्यूट' म्हणतात त्या फिनाइलब्युटाझोननं लंगडणं झाकलं जातं, आणि काही दिवसांत असर उतरला की पाय खरं सांगतो.

आमच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांचा पहिलाच प्रश्न, "धनुर्वाताची लस झालीय ना?" मी पुस्तक उघडून तारखा वाचून दाखवल्या. "मग दुसऱ्या डोसला दोनच महिने झालेत, वेगळं इंजेक्शन नको," असं म्हणून त्यांनी जखमेचे उपचार सांगितले. मी वाचून दाखवलेल्या त्या तारखांचं मला आजही वाईट वाटतं.

मुलीनं घोडीचं नाव तारा ठेवलं होतं. नऊ दिवसांनी तिनं सांगितलं, तारा विचित्र चालतेय. मागचे पाय लाकडासारखे, शेपटी उचललेली, कान ताठ. डॉक्टर आले. त्यांनी तिच्या हनुवटीखाली हलकी टिचकी मारली आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून फिकट गुलाबी पडदा झर्रकन अर्ध्या बुबुळावर आला. ते काही बोलले नाहीत, पुस्तक मागितलं. टॉर्च धरून पूर्ण वर्णन वाचलं: 'मागचा डावा पाय गुडघ्याखाली पांढरा.' आमच्या ताराचा उजवा पांढरा होता. मग दात पाहिले. सहा वर्षं नव्हे, दहाच्या पुढचं वय.

धनुर्वातच होता. त्याच्या विषावरचं अँटिटॉक्सिन दिलं, पेनिसिलीन दिलं. खिडक्यांना गोणपाट लावून तबेला अंधारा केला, कानात कापूस घातला, कारण बादलीचा आवाज झाला तरी ती थरथर कापायची. जबडा बसला होता. भिजवलेली चंदी तोंडात धरायची, पण चावता येत नव्हती. तिसऱ्या रात्री पडली ती उठली नाही. मुलगी शेवटपर्यंत तिथंच बसून होती.

व्यापारी म्हणाला, खिळा तुमच्या शेतावर लागला. पावती नाही, कागदावर सही नाही, पोलिसांकडे अर्ज दिला तो तसाच पडला आहे.

डॉक्टरांनी ताराचं रक्त ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीसाठी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडं पाठवलं होतं. हा रोग माणसालाही होतो, आणि बाधित जनावर मारावंच लागतं. 2006 साली तो पुणे-पाचगणी भागातल्या घोड्यांत सापडला होता. रिपोर्ट येईपर्यंत आमची झोप उडाली होती. निगेटिव्ह आला. पण ही तपासणी घोडी दारात आणण्याआधी करायची असते.

कुणी घोडा घेत असाल तर तपासायला आपला डॉक्टर न्या, विकणाऱ्याचा नको. न कळवता सकाळी जा, जनावर तबेल्यातून बाहेर पडायच्या आधी. कडक जमिनीवर सरळ आणि गोलात दुडकी धावायला लावा, चारही खूर उचलून घ्या, चिमट्यानं दाबून बघा. त्याच वेळी रक्ताचा नमुना काढून ठेवा. नंतर लंगडलं तर वेदनाशामक दिलं होतं का ते त्यातून निघतं. पुस्तकातलं वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि एकेक खूण जनावरावर बोट ठेवून जुळवा. मायक्रोचिप असेल तर यंत्रानं नंबर वाचून पुस्तकाशी ताडा. मनात जराही शंका असली तर लसी झालेल्या नाहीत असंच धरून धनुर्वाताचे डोस पहिल्यापासून द्या. त्याला येणारा खर्च घोडीच्या किमतीपुढं काहीच नाही.

ते पुस्तक मी जपून ठेवलं आहे. कुमैत घोडी, कपाळावर टिळा, मागचा डावा पाय पांढरा. पुण्यात कुणाच्या अशा घोडीचं पुस्तक हरवलं असेल तर कळवा. ते तुमच्याकडून कुणी नेलं, एवढंच मला हवं आहे.