थर्टी फर्स्टला पांदोरो: जरूर घ्या, पण डबा उघडून लगेच कापू नका

एक किलोचा आयात पांदोरो, म्हणजे इटलीचा पिवळा, लोणीदार केक, मला दोन हजारांच्या आसपास पडला. केकला एवढे पैसे कशाला, असं आमच्या घरात आधी विचारून झालं होतं. तरीही मी घ्या म्हणेन. फक्त तो खायचा कसा हे समजून घ्या, कारण फ्रिजमधला गार तुकडा तसाच तोंडात टाकला तर साध्या कोरड्या पावापलीकडे काही लागत नाही.

हा इटलीतल्या वेरोना शहराचा पदार्थ. तिथल्या दोमेनिको मेलेगात्ती या मिठाईवाल्याने १८९४ साली त्याचं पेटंट घेतलं. खाली रुंद, वर निमुळता, आणि आडवा कापला की आठ टोकांची चांदणी. मिलानच्या पानेत्तोनेमध्ये बेदाणे आणि संत्र्याच्या साखरेत मुरवलेल्या साली असतात, इथे त्यातलं काही नाही. मैदा, लोणी, अंडी, साखर आणि सावकाश फुगवलेलं पीठ. टुटीफ्रुटी वेचून बशीच्या कडेला ठेवणारी मंडळी आमच्याकडे आहेत, त्यामुळे पांदोरोच बरा.

अंड्याचं मात्र आधी बघा. बिनअंड्याचा केक मागायची आपल्याला सवय आहे, पण पांदोरोचा पिवळा रंगच मुळी अंड्याच्या बलकाचा. सासूबाई अंडं खात नाहीत, त्यांच्यासाठी वेगळं गोड केलं. डब्यावर आयातदाराने चिकटवलेलं लेबल नीट वाचा आणि ‘या तारखेपूर्वी वापरा’ ही ओळ शोधूनच पैसे द्या. मी घेतला त्या औंधातल्या दुकानात तो फ्रिजमध्ये ठेवला होता. लोण्याचं प्रमाण इतकं असल्यावर गारव्यात तो घट्ट होणारच. दुकानदाराला हे माहीत असायला हवं होतं.

माझी भाची इटलीत तोरिनोला शिकते. तिने फोनवर बजावलं, “मावशी, घरात नुसता बाहेर ठेव, आणि कापण्याआधी जरा उबेला ने.” तिथे लोक तो हीटरजवळ ठेवतात. आपल्याकडे डिसेंबरात गॅलरीत कोवळं ऊन येतं, मी डबा तिथे ठेवला. तासाभराने पिशवीचं तोंड उघडलं आणि लोण्याचा, व्हॅनिलाचा वास पार स्वयंपाकघरापर्यंत आला. डब्यात पिठीसाखरेची पुडी असते. ती पिशवीत ओतायची, तोंड आवळून धरायचं आणि पांदोरो आत असतानाच पिशवी जोरात हलवायची. हे काम मुलांना द्या. सगळीकडून पांढराशुभ्र होऊन तो बाहेर येतो तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

पुण्याच्या कयानी बेकरीच्या मावा केकसारखा दाट ओलावा यात शोधू नका. हा हलका आहे, धागे सुटतात, आणि गोडी बरीचशी वरच्या साखरेची. आडव्या चकत्या करून, प्रत्येक जरा फिरवून पुन्हा रचल्या की टोकं पुढेमागे येऊन नाताळचं झाड दिसतं. मधल्या थरांत तिकडे मास्कार्पोने चीजचं क्रीम घालतात. मी चितळ्यांचा चक्का आणून त्यात साय आणि पिठीसाखर फेटली. चक्क्याचा आंबटपणा लोण्याला छान तोलतो, मला तरी तो जास्त आवडला.

पण नुसता पांदोरो आणून इटलीचा थर्टी फर्स्ट होत नाही. ३१ डिसेंबर हा तिथे संत सिल्वेस्त्रोचा दिवस. रात्री साडेआठला राष्ट्रपतींचं भाषण टीव्हीवर लागतं, ही प्रथा १९४९ साली लुईजी एइनाउदींनी रेडिओवरून सुरू केली. मग लांबलचक जेवण, आणि मध्यरात्रीच्या सुमारास ताटात येते मसूर! चपटे गोल दाणे म्हणजे नाणी, जितके खाल तितका पैसा येत्या वर्षी. सोबत मोदेनाकडचं कोतेकीनो किंवा झाम्पोने, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज. उंब्रियातल्या कास्तेल्लुच्चोच्या बारीक मसुरीचं तिकडे फार कौतुक. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला! आख्खा मसूर तर कराड-इस्लामपूरकडचा आपला घरचा पदार्थ, माझं माहेर तिकडचंच. मी दोन पातेली केली. एक आपल्या कांदा-लसणाच्या चटणीचं झणझणीत, दुसरं त्यांच्या पद्धतीचं: गाजर, कांदा, सेलरी, तमालपत्र, थोडा टोमॅटो आणि वरून ऑलिव्ह तेल. दुसरं पातेलं आधी रिकामं झालं. सासूबाईंनीही दोनदा मागून घेतलं.

द्राक्षंही हवीत, तीही पैशाचीच खूण. डिसेंबरअखेर मंडईत सटाण्याकडची आगाप द्राक्षं मिळतात, महाग असतात पण मिळतात. लाल अंतर्वस्त्रं घालायची पद्धत घरच्यांना सांगितली आणि विषय तिथेच सोडला.

बाराची वाट बघताना सोसायटीच्या हॉलमध्ये हाऊजी खेळलो. नेपल्सची तोंबोला हाच खेळ, आकडे तेच नव्वद. तिथे प्रत्येक आकड्याला अर्थ चिकटलेला असतो: २२ म्हणजे वेडा, ४८ म्हणजे बोलणारा मृत माणूस, ९० म्हणजे भीती. भाचीने यादी पाठवली होती, मी आकडे त्या नावांनी पुकारले. जोशीकाकूंनी ४८ ला जी किंकाळी मारली ती खालच्या मजल्यावर ऐकू गेली.

उरलेला पांदोरो दोन दिवसांनी कोरडा पडतो. तव्यावर थेंबभर तूप सोडून चकत्या भाजा, सकाळच्या चहाबरोबर उत्तम लागतात. आणि सण म्हणून अडला नसाल तर सहा जानेवारीनंतर चौकशी करा. त्या दिवशी बेफाना नावाची म्हातारी मुलांना खाऊ देऊन जाते आणि इटलीतला सुट्ट्यांचा मोसम संपतो. मग तिथल्या दुकानांत हे डबे स्वस्त होतात. इथेही आयात माल पडून राहिला की दुकानदार भाव उतरवतो, फक्त तारीख बघून घ्या.

शेवटी एक मागणं. वेरोनाच्याच बाउली कंपनीचा कारखाना आपल्या बारामतीत आहे, त्यांची क्रोसाँ कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात टांगलेली दिसतात. बाउलीचा पांदोरो इटलीत घरोघरी जातो. तोच बारामतीत बनवून पाचशे ग्रॅमच्या डब्यात त्यांनी आणला, तर पुण्यातली पुष्कळ घरं दरवर्षी घेतील, पहिलं माझं.